तिसऱ्या मजल्यावरची लाल वर्तुळं

मावशींना घराबाहेर पडून रस्त्यावर उभं राहायचं होतं, एवढीच खरं तर ही गोष्ट. त्यासाठी एक घर विकावं लागलं, दुसरं घ्यावं लागलं, मधल्या काळात तिसऱ्याच घरात राहावं लागलं आणि एका वकिलांच्या बैठकीतला भिंतीवरचा सुरेख फुलाफुलांचा कागद टराटरा ओढून काढावा लागला, हा भाग वेगळा.

मावशी म्हणजे साऱ्या इमारतीच्या मावशी, आणि ओघानेच त्यांचे यजमान साऱ्या इमारतीचे काका. इमारत तीन मजली, बिनलिफ्टची. ती बांधली तेव्हा लिफ्ट ही मोठ्या कचेऱ्यांत असायची गोष्ट होती. घरी माणसं आपल्या पायांनी चढत, आणि आम्ही अगदी वर राहतो हे सांगताना त्यांची मान जरा ताठच होत असे. मावशींनी त्या जिन्यावरून किराणा चढवला, शिवणयंत्र चढवलं, कडेवरची मुलगी चढवली, आणि पुढे त्याच मुलीला नवऱ्याबरोबर उतरताना कठड्यावरून वाकून पाहिलं. मग एके दिवशी गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि मावशींना बजावलं की जिना आता विसरायचा.

डॉक्टरांचं काय जातं? ते तळमजल्यावर राहत होते.

तेव्हापासून मावशींचं जग एका टोपलीत मावू लागलं. गॅलरीतून दोरीने टोपली खाली सोडायची आणि भाजी वर ओढायची. पण भाजी घेणं म्हणजे नुसती भाजी घेणं नव्हे. त्यात निवडणं आहे, परत टाकणं आहे, नाक मुरडणं आहे. तिसऱ्या मजल्यावर मुरडलेलं नाक खाली भाजीवालीला दिसत नाही. त्यामुळे मावशींना कितीतरी महिने निबर भेंडी खावी लागली, आणि भेंडीपेक्षाही आपल्याला कुणी निबर भेंडी देऊ शकतं याचं दुःख त्यांना जास्त झालं.

अशात एकदा त्यांना खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. परत येताना मागच्या गल्लीत खुर्ची उचलणाऱ्यांना दम लागला, म्हणून त्यांनी ती एका दारापुढे टेकवली. दाराला एकच पायरी होती. पायरीवर एक निवृत्त मुख्याध्यापिका मटार सोलत बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालीवर लक्ष ठेवून होत्या. मावशी खुर्चीतून उठल्या, दोन पावलं चालल्या आणि त्या पायरीवर बसल्या. समोरून सायकली जात होत्या. एक कुत्रं येऊन त्यांची चप्पल हुंगून गेलं. बोलता बोलता कळलं की मुख्याध्यापिका घर विकून मुलीकडे जाणार आहेत.

मावशींनी आतल्या खोल्या पाहिल्याच नाहीत. त्यांनी पायरी पाहिली आणि घर ठरवलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी मुदत घातली ती शाळेतल्यासारखीच. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत कागदपत्रं पुरी करा. नाहीतर एक गादीवाला टपलेलाच आहे, त्याला कापूस ठेवायला जागा हवी आहे. मावशींना रात्रंदिवस त्या पायरीवर कापसाच्या गाठी दिसू लागल्या.

म्हणजे आधी तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायला हवं. आणि इथे काकांबद्दल सांगणं भाग आहे.

काकांनी सारी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी खात्यात केली. यंत्रातून सुटे भाग तयार होऊन येत. काका ते मोजत, उजेडात धरत, आणि जिथे खोट दिसेल तिथे लाल तेलखडूने गोल काढत. गोल काढला की तो भाग नापास. वर्षानुवर्षं असं केल्यावर माणसाच्या नजरेला एक वळण लागतं. काकांनी कशालाही छान म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा मुलीबद्दल विचारल्यावर ते म्हणाले होते, "हरकत नाही." मावशींनी ते दोन शब्द इतकी वर्षं जपून ठेवले होते, दुसरे मिळालेच नाहीत म्हणून.

निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने काकांना शाल दिली. काकांनी येताना उरलेले तेलखडू आणले. तोवर घराच्या भिंतींचं त्यांनी पेन्सिलीवर भागवलं होतं. आता लाल रंग आला. जिथे तडा असेल तिथे लाल वर्तुळ, तड्याच्या टोकाशी एक आडवी रेघ आणि रेघेला लागून तो दिसला ते साल. तडा रेघ ओलांडतो का हे काका अधूनमधून भिंग घेऊन पाहत. रंगारी येऊन भिंती पांढऱ्याशुभ्र करून गेले की दुसऱ्या दिवशी काका सगळी वर्तुळं पुन्हा काढत, जुन्या सालांसकट. मावशींना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. कुणाच्या घरात नवऱ्याची घोरण्याची सवय असते, त्यांच्या घरात वर्तुळं होती.

घर विकायला एजंट नेमला. हा मनुष्य सदा उन्हातून आल्यासारखा दिसे आणि घाम पुसत पुसत प्रत्येक घराला राजवाडा म्हणे. त्याने काकांना बसवून नीट समजावलं की गिऱ्हाईक आलं की वाऱ्याबद्दल बोलायचं, उजेडाबद्दल बोलायचं आणि बाकी मौन. काकांनी मान डोलावली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते नवपरिणीत जोडपं. वारा सुटला होता, उजेड पडला होता, सगळं कसं ठरल्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात त्या मुलीने सहज म्हटलं की फरशी किती गार आणि गुळगुळीत आहे.

काका उठले आणि आतून पाणसळ घेऊन आले. पाणसळ म्हणजे ती पट्टी, जिच्या काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असतो आणि तो बरोबर मधे आला की जागा सपाट समजायची. काकांनी ती फरशीवर ठेवली. बुडबुडा खिडकीकडे सरकला. तो नवऱ्या मुलाला नीट दिसेना म्हणून काकांनी एक गोटी काढून दाराशी ठेवली. गोटीने क्षणभर विचार केला, मग ती निघाली, खुर्च्यांच्या पायांतून वाट काढत खिडकीखाली जाऊन थांबली. काकांनी समाधानाने सांगितलं की इमारत खचतेय असं मुळीच नाही, उतार पहिल्यापासूनचा आहे. पण जोडपं तोवर चपला घालत होतं.

एजंटने दोन दिवस तोंड दाखवलं नाही.

मग शेजारी मदतीला आले. समोरच्या दारात वकीलसाहेब राहत. काकांचं आणि त्यांचं घर एकाच मापाचं, फक्त आरशात पाहावं तसं उलटं. वकीलसाहेब वकिली करत होते यापेक्षा सल्ला देत होते, हे म्हणणं जास्त खरं. कोर्टात त्यांना कुणी बोलू देत नसावं अशी इमारतीची अटकळ होती. त्यांच्या घरात एकही वर्तुळ नव्हतं. बैठकीत फुलाफुलांचा कागद होता, छताला खोटं छत होतं, आणि दर भेटीत ते काकांच्या भिंतींकडे पाहून सुस्कारा टाकत. त्यांनी सल्ला दिला की गिऱ्हाईक येईल तेव्हा काकांना वाचनालयात पाठवा आणि वर्तुळं झाका.

काकांना हे लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर खोट असलेला एकही तुकडा कारखान्याबाहेर जाऊ दिला नाही, त्याला स्वतःच्या घरातून वर्तमानपत्र वाचायला हाकलायचं. पण मावशींनी नुसतं गुडघ्यावर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. काका चष्मा घेऊन निघाले.

मावशींनी वर्तुळं झाकायला घेतली. फोटो संपले तेव्हा दिनदर्शिका आणल्या. त्याही संपल्या तेव्हा टॉवेल, पिशव्या आणि मुलीचं शाळेतलं प्रगतिपुस्तक. आता तडे काही माणसाच्या नजरेची उंची बघून पडत नाहीत. त्यामुळे एक दिनदर्शिका छताला टेकली, एक गुडघ्याच्या उंचीवर आली, आणि न्हाणीघरात आजोबांचा फोटो लागला. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक शांत, जाड चष्म्याचे गृहस्थ. ते सगळीकडे फिरले. न्हाणीघरात जरा जास्त वेळ थांबले. बाहेर येऊन त्यांनी विचारलं की एका घराला पाच दिनदर्शिका कशाला लागतात. गृहस्थांनी गुडघ्याजवळची दिनदर्शिका उचलून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी आजोबा. जाताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल काही नाही, मावशी. पण इतकं झाकलंय म्हणजे न दिसणारं किती असेल, असं मनात येतं माणसाच्या."

त्या संध्याकाळी मावशी गॅलरीत बसून राहिल्या. टोपलीही त्यांनी खाली सोडली नाही. काका वाचनालयातून आले, भिंतींकडे पाहिलं, आणि सगळं उतरवून ठेवलं. आजोबांचा फोटो त्यांनी पुसून बैठकीत लावला.

तिसरं गिऱ्हाईक होतं एक नर्स. नवरा बस चालवायचा, तो बसबरोबर होता. ती ड्यूटी संपवून तशीच आली होती. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून काका घरीच होते. तिने पहिलं वर्तुळ पाहून विचारलं की हे काय. काकांनी सांगितलं. तिने दुसरं पाहिलं. काका तिच्यामागून खोलीखोलीत फिरले, कुठला तडा कधीचा, कुठे ओल येते आणि कुठल्या महिन्यात जाते, कुठला नळ रुसतो ते सांगत. एजंट दारात उभा राहून कपाळाला हात लावत होता. सगळं ऐकून झाल्यावर नर्स खुर्चीत बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "दिवसभर मी रोग्यांना विचारते, कुठे दुखतंय? ते म्हणतात, सगळीकडेच. ज्याला नेमकं बोट ठेवून सांगता येतं ना काका, त्याची मला भीती नाही वाटत. घर घेतलं मी."

एजंटने तिथल्या तिथे घाम पुसला आणि राजवाड्याबद्दल बोलू लागला. त्याला गप्प बसवावं लागलं.

इथे गोष्ट संपायला काही हरकत नव्हती. पण नर्स कर्ज काढणार होती, आणि कर्ज म्हटलं की बँकेचा मोजणीवाला आलाच. तो टेप आणि इमारतीचा नकाशा घेऊन आला. दारावरची पाटी पाहिली, घर क्रमांक आठ. नकाशा काढला. स्वयंपाकघर शोधायला डावीकडे वळला आणि झोपायच्या खोलीत शिरला. बाहेर आला, नकाशा उलटा धरला. मग स्वतः उलटा उभा राहिला. मग जिन्यात गेला, समोरच्या दाराकडे पाहिलं आणि परत येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही बहुतेक सात नंबरात राहताय."

मावशी म्हणाल्या, पाटी तर आठाची आहे. मोजणीवाला म्हणाला, पाटी आठाची आहे, घर साताचं आहे. वकीलसाहेब आवाज ऐकून बाहेर आले आणि पाटी हाच पुरावा कसा ते सांगू लागले. सांगता सांगता त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण मधेच ते थांबले आणि स्वतःच्या दाराकडे वळून पाहू लागले. कागदावर मावशींचं घर ते होतं, जिथे वकीलसाहेब राहत होते. आणि वकीलसाहेबांचं ते, जिथे मावशी.

या पाट्या लावल्या कुणी, असा प्रश्न निघाला. कुणी उत्तर देण्याआधी मावशींचं लक्ष काकांकडे गेलं. काका पाटीकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसारखा पांढरा पडला होता.

इमारत नवी होती तेव्हा पितळी पाट्या सरळ लावायला पाणसळ फक्त काकांकडे होती. शिडी होती गच्चीवर. म्हणून काकांनी सुरुवात तळापासून न करता वरून केली, गच्चीतून खाली उतरत. गवंड्याने सांगितलं होतं की उजव्या हाताचं दार आठ. ते चढून येणाऱ्याच्या उजव्या हाताचं. काका उतरत होते. खालचे मजले त्यांनी दुसऱ्या दिवशी खालून चढत केले, ते बरोबर झाले. मग माणसं आली आणि आपापल्या पाटीचं दार उघडून राहू लागली. पाटी मात्र आजही केसभर वाकडी नव्हती. मोजणीवाल्याने खरंच तिला पाणसळ लावून पाहिलं आणि वाहवा केली. काकांना ते ऐकवेना.

त्या रात्री काका जेवले नाहीत. सकाळी मावशींना दिसलं की पाटीभोवती लाल वर्तुळ आहे. शेजारी साल.

काका आणि वकीलसाहेब नोंदणी कचेरीत जाऊन आले. तिथल्या कारकुनाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगितलं की कागद बदलायला अर्ज, सुनावणी, हरकती, पुन्हा मोजणी असं सगळं करावं लागेल. पुढच्या वर्षीची सुट्टी लागेपर्यंत झालं तर नशीब. मग आपलं टेबल आवरत त्याने सुचवलं की कागद जागच्या जागी राहू द्यावेत आणि माणसांनी हलावं. जिन्याच्या चौकातून सामान इकडचं तिकडे करायचं, एका दुपारचं काम.

वकीलवहिनी तयारच होत्या. मावशींच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, त्यांच्याकडे येत नाही. या उन्हाबद्दल त्या नवी नवरी होत्या तेव्हापासून बोलत होत्या. अडले ते वकीलसाहेब. त्यांनी साफ सांगितलं की उतारावरच्या घरात ते म्हातारपण घालवणार नाहीत, आणि लाल डागांत तर मुळीच नाही. सुट्टी तोंडावर आली होती. मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला की त्या स्वतः थांबतील, पण मुलगी थांबणार नाही आणि गादीवाला तर मुळीच नाही.

तेवढ्यात नर्सने आणखी एक पेच घातला. तिला आता समोरचं घर मिळणार होतं, आणि तिचं म्हणणं असं की त्याचं दुखणं तिला कुणी सांगितलेलं नाही. काकांनी ते घर तपासून दिलं तर ती घेईल, नाहीतर नाही.

वकीलसाहेब हसले. खुशाल तपासा म्हणाले. त्यांनी स्वतः दार सताड उघडून धरलं.

काका खडू, पाणसळ, भिंग आणि गोटी घेऊन आत गेले. मावशी समोर आपल्या दारातल्या खुर्चीवर बसल्या. काकांनी भिंतीवर बोटांनी टकटक केली, कान लावला, पुन्हा टकटक केली. फुलाफुलांच्या कागदाचं एक टोक त्यांनी विचारून ओढलं. ते नुसतं टोक निघालं नाही, सगळी बाग खाली आली. मागे भिंत ओलीने काळी पडली होती आणि एक तडा असा गेला होता की त्याच्याभोवती वर्तुळ काढायला काकांना स्टूल लागलं. खोट्या छताची एक फळी सरकवली तर त्यातून मूठभर खडी वकीलसाहेबांच्या खांद्यावर पडली. काकांनी गोटी जमिनीवर ठेवली. ती थांबून विचार वगैरे काही न करता थेट दिवाणखान्याबाहेर, जिन्याच्या चौकात, मावशींच्या पायाशी आली. वकीलसाहेब खुर्चीत बसले होते ते उठून दुसऱ्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. काकांनी तिथेही वर्तुळ काढलं, तेव्हा ते उभेच राहिले.

काका एक खडू संपवून बाहेर आले. नर्सने सगळं फिरून पाहिलं, किमतीत थोडं इकडेतिकडे करून घेतलं आणि म्हणाली की दुखणी जुनी आहेत पण जिवावरची नाहीत, ती बघून घेईल. वकीलसाहेब मात्र तिच्याकडे पाहत नव्हते. कोटावरची खडी झटकत ते काकांपुढे येऊन उभे राहिले. आवाज अगदी खाली आला होता.

"काका, खरं सांगा. तुमचं घर कसं आहे?"

या प्रश्नावर काका काय काय सांगू शकतात हे मावशींइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. न्हाणीघराचा कोपरा, रुसका नळ, खिडकीखालचा उतार.

काका आपल्या घराच्या दाराशी गेले. आत एक नजर टाकली. प्रत्येक वर्तुळावर ती क्षणभर थांबत गेली, आणि शेवटी दारातल्या खुर्चीवर येऊन थांबली.

"एकही तडा रेघेच्या पुढे गेलेला नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत एकही नाही. पास."

वकीलसाहेबांनी त्याच दुपारी पहिली खुर्ची उचलली.

पुढचे काही दिवस मावशी समोरच्या घरात राहिल्या. दिव्याचं बटण उजवीकडे शोधायच्या तर ते डावीकडे असायचं, आणि काका पहाटे न्हाणीघर समजून दोनदा कपाटात शिरले. मग नर्सचं कर्ज आलं, सह्या झाल्या, आणि सुट्टीच्या अगदी आदल्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी किल्ल्या दिल्या. देताना त्या म्हणाल्या की काम वेळेत झालं, पण अक्षर सुधारायला हवं. गादीवाला कोपऱ्यावर उभा राहून पाहत होता. चौघांनी खुर्ची शेवटची उचलली आणि मागच्या गल्लीत त्या दारापुढे टेकवली.

मावशी उठल्या आणि पायरीवर बसल्या. समोरून सायकली जात होत्या. भाजीवालीची गाडी आली. मावशींनी तिला थांबवलं, एक भेंडी उचलली, टोक मोडून पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत, अगदी सावकाश, नाक मुरडलं. भाजीवालीने मुकाट्याने खालची कोवळी काढून दिली.

काका आत एक फेरी मारून आले. हातात पाणसळ होती, खिशातून लाल खडू डोकावत होता. ते वाकून पायरीकडे पाहू लागले.

"अगं, ऊठ जरा. ही एका बाजूला उतरलीय असं वाटतंय."

मावशींनी भेंडीची पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला आणि आणखी ऐसपैस बसल्या.

"नाही उठत," त्या म्हणाल्या.

काकांनी पाणसळ भिंतीला टेकून ठेवली आणि ते मावशींच्या शेजारी, उरलेल्या जागेत बसले. पायरी उतरलेली होतीच. बसल्या बसल्या ते हळूहळू मावशींच्या बाजूला सरकत गेले.

"हरकत नाही," काका म्हणाले.